दोन रात्रींची बॅटरी

माझ्या नवऱ्याच्या नाकातली नळी चौदा हात लांब आहे. मशीन पलंगाच्या उशाला ठेवलं की नळी मोरीपर्यंत पुरते, दारापर्यंत पुरते आणि बाहेरच्या दोन पायऱ्या उतरलं की ताणते. गेल्या वर्षापासून त्याचा मुलूख एवढाच. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, कागदावर करत नाही.

त्याने भोसरीच्या एका फौंड्रीत सत्तावीस वर्षं वाळूचे साचे फोडले. ती वाळू फुफ्फुसात बसली. डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, पण हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन घरी ठेवलं तर दिवस निघतील. ते मशीन विजेवर चालतं. दिवसरात्र घरघर करतं. लाईट गेली की ओरडतं. मग कोपऱ्यात उभा केलेला सिलिंडर लावायचा आणि लाईट आली की परत मशीन. हे सगळं मी करते. सून नोकरीला जाते, पोरगा चाकणला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. नोकरीत होता तोवर नवरा दर गुरुवारी भामा धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जायचा. आधी सायकलवर, नंतर मोपेडवर. कधी चिलापी आणायचा, कधी नुसतेच चिखलाचे पाय. मी बरोबर कधी गेले नाही. आणलेला मासा खवले काढून साफ करायचा, एवढाच माझा त्या धरणाशी संबंध.

दिवाळी झाल्यावर एक दिवस तो पोराला म्हणाला, "मला दोन राती पाण्याजवळ काढायच्यात." हा माणूस मागणारा नाही. लग्नात सासऱ्याकडून घड्याळसुद्धा मागितलं नव्हतं. पोरगा म्हणाला, आबा, तिथे लाईट नाही. नवरा म्हणाला, ते तू बघ, तुझं कामच लाईटचं हाय.

पोराने बघितलं. चिखलीत एक गॅरेजवाला आहे. मुसलमान, आमच्याच वस्तीत वाढलेला, टेम्पोच्या बॉडी बांधतो. वाकडच्या एका जोडप्याने त्याच्याकडून टेम्पोत राहण्याची सोय करून घेतली होती. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, टपावर सोलरची दोन पॅनेल. वर्षभर ते जंगलात वगैरे फिरले, मग हौस फिटली आणि टेम्पो त्याच्या दारात उभा राहिला. तो म्हणाला, घेऊन जा, पण तसाच नेऊ नका.

मला तो मावशी म्हणतो. टेम्पो बघायला मीही गेले होते, कारण मशीन कुठे ठेवायचं ते मलाच ठरवायचं होतं. तो मला म्हणाला, "मावशी, त्या लोकांचा लोड वेगळा होता. दोन लॅपटॉप, पंखा, फ्रिज. बॅटरी संपली तर ते काय करणार, झोपणार. तुमच्यात बॅटरी संपली तर काय होणार ते तुम्हाला माहितीये."

मग त्याने आणि पोराने हिशोब मांडला. मी चौथी शिकलेली आहे आणि त्यांना वाटलं मला कळणार नाही, म्हणून माझ्याशी सावकाश बोलत होते. मला ते ऐकताऐकताच कळलं. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. किती माणसं, प्रत्येकाला किती हंडे, पाणी किती वेळ टिकतं आणि चुकून आणखी एक दिवस आलं नाही तर काय, हे डोक्यात धरून मी आयुष्यभर पिंपं भरली आहेत. बॅटरी म्हणजे पिंप. पॅनेल म्हणजे नळ. ऊन म्हणजे पाणी यायची वेळ. दिवसभर उजेड दिसला तरी पॅनेलला पूर्ण जोराचं ऊन चार-पाच तासच मिळतं, बाकी वेळ करंगळीएवढी धार. आणि पिंपाच्या तळाचं पाणी जसं आपण काढत नाही तसं बॅटरीच्या तळालाही हात लावायचा नाही, ती खराब होते. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, तो गळका नळ समजायचा. एवढंच आहे ते. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

मशीनच्या पाठीवर पाटी होती, साडेतीनशे वॅट. पोरगा तोच आकडा धरून चालला होता. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, पाटीवर जाऊ नको. पाटी एक बोलते, मशीन एक खातं. आणि आबा चोवीस तासांतले किती तास नळी लावतात ते तुला तरी नक्की माहितीये का? मोजून आण."

पोराने कंपनीतल्या कुणाकडून तरी युनिट मोजणारा प्लग आणला. भिंतीच्या सॉकेटमध्ये तो, त्यात मशीनची पिन. किती युनिट खाल्ले ते त्याच्यावर दिसतं. बुधवारी संध्याकाळी सातला त्याने तो लावला आणि मला सांगितलं, आई, उद्या बरोबर सातला आकडा वहीत लिहून ठेव. गुरुवारी सुट्टी, म्हणून तो सुनेला घेऊन कुरुळीला तिच्या माहेरी गेला. मी गुरुवारी सातला चष्मा लावून आकडा बघितला आणि वहीत लिहिला. पाच पॉइंट तीन. पॉइंट मला कळतो, रेशनच्या काट्यावर नेहमी बघितलेला आहे.

त्या पाच पॉइंट तीनवर सगळं उभं राहिलं. पंखा, दिवा, इन्व्हर्टरची गळती मिळून पाऊण युनिट धरलं. म्हणजे दिवसाला सहा. पॅनेल दिवसाला साडेचार देतील. गॅरेजवाल्याने वाकडवाल्यांची बॅटरी काढली आणि सात युनिटांची मोठी बसवली, त्यातलं शेवटचं एक हात न लावायचं, म्हणजे वापरायला सहा. भरलेली बॅटरी घेऊन गुरुवारी सकाळी निघालो, तर शुक्रवारी सकाळी साडेचार उरतात आणि शनिवारी सकाळी तीन. दोन रात्री होऊन वर तीन शिल्लक. पोराने हे कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. नवऱ्याने दोन वेळा वाचून घेतलं.

गुरुवारी सकाळी निघालो. नवरा, पोरगा आणि मी. सून घरी थांबली. सिलिंडर छोटा घेतला होता, चार-पाच तासांचा, अडीअडचणीला. नवरा बाकावर उशीला टेकून बसला होता आणि चाकण जाईपर्यंत बाहेर बघून प्रत्येक कंपनीच्या जागी आधी काय होतं ते सांगत होता. इथे ज्वारी, तिथे विटांची भट्टी. बोलताना धाप लागत होती तरी थांबत नव्हता.

पाण्याजवळ पोचल्यावर पहिलं भांडण. काठाला जांभळीचं मोठं झाड होतं, सावली दाट. पोराने टेम्पो झाडापासून चांगला लांब, उघड्यावर लावला.

"डोकं फिरलंय का तुझं? झाड सोडून उन्हात गाडी लावतोस?" नवरा म्हणाला.

"आबा, झाडाखाली लावली तर तुमचं मशीन काय पाला खाईल?"

मग टेम्पो तापला. आत भाकरी भाजावी असा. पंखा चालू ठेवावा लागला. पण खिडकीतून नळी बाहेर काढून नवरा खुर्चीत पाण्याच्या काठाला बसला, हातात गळ, आणि माझं म्हणाल तर त्या दिवशी मला काही चांगलंबिंगलं वाटलं नाही. मी सगळा वेळ आतल्या घरघरीकडे कान लावून होते. घरी ती ऐकू येते पण ऐकत नाही कुणी. तिथे ऐकावीच लागत होती. दुपारनंतर वर पातळ ढग आले. ऊन होतं, पण धुतल्यासारखं. संध्याकाळी एक बोटभर मासा लागला, तो नवऱ्याने परत पाण्यात सोडला. रात्री त्याला झोप लागली, मला नाही.

शुक्रवारी सकाळी पोराने बॅटरीत किती उरलंय ते दाखवणाऱ्या डबीवरचा आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. साडेचार उरायला हवे होते. दीड होते.

पहिल्यांदा त्याला वाटलं बॅटरी खराब. मग वाटलं इन्व्हर्टर. सगळ्या वायरी हाताने चाचपून झाल्या. ढगांमुळे एखादं युनिट कमी आलं असेल, पण बाकीचे दोन कुठे गेले? तिथे फोन लागत नाही, म्हणून आम्ही दोघं वर टेकाडावर गेलो. पोराने गॅरेजवाल्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. गॅरेजवाला एकेक विचारत गेला. मशीन तेच का. हो. फ्रिज चुकून चालू राहिला का. नाही. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही आकडा घेतला त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का?"

मी म्हणाले, "काय बी न्हाई. रोजच्यासारखा गुरुवार."

हे तोंडातून निघालं आणि मला कळलं. गुरुवार म्हणजे कंपन्या बंद, आणि कंपन्या बंद म्हणून लाईटवाले दुरुस्तीची कामं काढतात. आमच्याकडे गुरुवारी दहाला लाईट जाते ती चार वाजता येते. वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्या गुरुवारीही गेली होती. मशीन ओरडलं, मी सिलिंडर लावला, चारला लाईट आल्यावर सिलिंडर काढला. कुकर लावते-काढते तसं केलं. सहा तास मशीन बंद होतं आणि तो प्लग सहा तास काही मोजत नव्हता. सहा तासांचे दोन युनिट. पाच पॉइंट तीन नव्हे, सव्वासातच्या वर. मी आकडा बरोबर लिहिला होता आणि दिवस चुकीचा होता.

पोरगा म्हणाला, "आई, लाईट नव्हती ते वहीत लिहायचं ना."

मी म्हणाले, "तू आकडा लिव म्हणालास. आकडा लिवला."

  चूक माझी होती. थोडी त्याचीही होती, सुट्टीच्या दिवशी मोजायला लावलं म्हणून. पण सिलिंडर माझ्या हातांनी लावला होता, त्याच्या नाही. टेकाडावरून उतरताना मी ही वाटणी करून टाकली होती.

खाली आल्यावर पोराने ठरवलं की दुपारचं जेवण करून निघायचं. दिवसाचं ऊन मिळेल तेवढं बॅटरीत घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. दुसरी रात्र नाही. नवऱ्याला हे मी सांगितलं. त्याने विचारलं, किती हाय त्यात. मी म्हणाले, दीड. तो म्हणाला, बरं. आणि गळ घेऊन काठावर जाऊन बसला. एवढ्या लवकर बरं म्हणणारा माणूस नाही तो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मी तांदूळ धुवायला घेतले. पोरगा टपावर चढून पॅनेलची धूळ पुसत होता. भात चढवला, कांदा चिरला, आणि मग मला वाटलं की काहीतरी नाही.  घरघर नव्हती. मशीन ओरडतही नव्हतं. ओरडतं ते वीज गेल्यावर, बटण बंद केल्यावर नाही. मी बघितलं तर बटण बंद होतं.

चालू केलं आणि बाहेर पळाले. नवरा खुर्चीत पाठमोरा बसला होता. नाकात नळी तशीच, आम्हाला कळू नये म्हणून. ओठ जांभळट पडले होते, नखं तशीच. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा माझ्या कनवटीला असतो, तो लावला. अठ्ठ्याहत्तर. घरी नव्वदच्या खाली गेला तर मी डॉक्टरला फोन करते.

 आकडा चढायची वाट बघत राहिले. ऐंशी, ब्याऐंशी, परत ऐंशी. पंच्याऐंशी झाल्यावर विचारलं, "कवापासनं बंद केलंय?"

"थोडा वेळ. जाताना बटण दाबलं." मग थांबून श्वास घेऊन म्हणाला, "थोडं थोडं बंद ठिवलं तर आजची रात निघंल. तू न्हाई का पाणी पुरवायचीस. एक तांब्या कमी, एक तांब्या कमी."

"पाण्याबिगर माणूस दोन दिस काढंल," मी म्हणाले. "तुमी याच्याबिगर किती काढताय ते बघितलं मी आत्ता."

"अजून काढलं असतं."

"आन् मी काय करायचं हुतं? भात ढवळत बसायचं?"

 गळ पाण्यातच होता. मीच तो गुंडाळला. मला दोरा गुंडाळता येत नाही, सगळा गुंता झाला. पोरगा टपावरून उतरून आला तोवर आकडा नव्वद झाला होता. त्याला मी काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, जेवायला थांबायचं नाही, आता निघायचं. अर्धा शिजलेला भात तसाच झाकून घेतला.

पोराला वाटलं मी घाई करते आहे, अजून दोन तास ऊन घेता आलं असतं. पण चाकणच्या चौकात आम्ही अडकलो. कंटेनर एकामागे एक, पुढे कुठेतरी ट्रेलर आडवा. एका जागी दीड तास, पुढेही मुंगीच्या पावलांनी. टपावर उड्डाणपुलाची आणि बाजूच्या कंटेनरची सावली, पॅनेलला काही मिळेना. बॅटरीचा आकडा शून्य पॉइंट चारवर आला तेव्हा पोराने मशीन बंद करून सिलिंडर लावला. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले. नवरा डोळे मिटून होता पण झोपला नव्हता, मला कळतं. घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. गल्लीत लाईट होती.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवण सरकवलं की जेवायचा. त्यातच पोराने प्लग पुन्हा लावला, या वेळी सोमवार ते मंगळवार, आणि मी आकड्याशेजारी लिहिलं, लाईट पूर्ण दिवस होती. सात पॉइंट चार. पोरगा तो घेऊन गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाला म्हणाला, टपावर आता वीतभरही जागा नाही, पॅनेल वाढत नाही. बॅटरी अजून एक टाकली तर आत तीन माणसं आणि मशीन मावत नाही. एक रात्र बसते, दोन बसत नाहीत. नवऱ्याला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, एक तर एक. तेवढ्यावर तो पुन्हा माझ्याशी बोलायला लागला.

मग माघात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आला तो नव्या मशीनसह. डॉक्टर म्हणाले, जुनं पुरणार नाही, आता जास्त हवा लागणार. नव्या मशीनच्या पाटीवर सहाशे लिहिलं आहे. पोराने पाटी वाचली आणि कॅलेंडर खिळ्याला उलटं होतं ते सुलटं केलं. त्याने हिशोब मांडलाच नाही. बापासमोर मांडायचा नव्हता त्याला.

मी मांडला. ते दोघं समोर बसले असतानाच मांडला, कारण नवऱ्याला न सांगता त्याच्याबद्दल काही ठरवलं तर तो काय करतो ते मी बघितलं होतं. प्लगवर आधी मोजून घेतलं होतं, तासाला अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. अंधाराचे तेरा-चौदा तास धरले तर सातच्या वर जातात, आणि आपल्याला वापरता येतात सहा. म्हणजे एक रात्रही नाही. मग मी दिवसाचा मांडला. सकाळी सातला निघायचं. दिवसभर पॅनेल देत राहणार, पण ढग आले तर म्हणून त्याचे दोनच युनिट धरले, आणि मशीन खात राहणार. चाकणच्या चौकाचे म्हणून तीन तास बाजूला काढून ठेवले, त्याला हात लावायचा नाही. मोठा सिलिंडर न्यायचा. संध्याकाळी पाचला पाण्यापासून निघायचं. एवढं बसत होतं. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

तो ऐकत होता. बोलायला आता त्याला वेळ लागतो. म्हणाला, "पाचला निघून काय उपेग? मासा दिस मावळताना लागतो. सहा कर."

मी परत बेरीज केली. पंखा काढला. दिवसा दिवा लागत नाही, तो काढला. चौकाच्या तीन तासांना हात लावला नाही. पोरगा म्हणाला, आई, राहू दे ना आता. मी म्हणाले, गप. शेवटी खाली लिहिलं, साडेपाच.

"सहा," नवरा म्हणाला.

"साडेपाच," मी म्हणाले आणि वही मिटली.